आमच्या हॉलमध्ये टाळ्या वाजत नाहीत

रविवार, ११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण ते दादा रोज फोनवर सांगतो आणि तू काही फोन घेत नाहीस. अर्धांगाच्या झटक्यानंतर जीभ जड झाली, म्हणून तू बोलणंच टाकलंस म्हणे. घरातल्या भल्याभल्यांची बोलती बंद करणारी तू. म्हणून पत्र लिहितेय. पत्राला मधेच तोडता येत नाही, हा माझा फायदा. आणि हे स्वतः वाच, दादाकडून वाचून घेऊ नकोस. तो सोयीचं तेवढं वाचतो.

आधी बातमी. आमच्या हॉस्पिटलच्या पुनर्वसन विभागाची मी प्रमुख झाले. फिजिओथेरपीला प्रवेश घेतला तेव्हा तू मला 'मालिशवाली' नाव ठेवलं होतंस, आणि 'निदान डॉक्टर तरी हो' म्हणून माझं डोकं खाणाऱ्या दादाला गप्प बसवणारीही तूच होतीस. तर तुझ्या मालिशवालीला आता केबिन मिळाली आहे. खुर्ची गोल फिरते. मी दार लावून फिरवून पाहिली.

इथवर भांडत आले, दुसरं काय. सर्जन लोक ऑपरेशन करून मोकळे व्हायचे, पेशंट गादीवर पडून राहायचा, आणि आम्हाला बोलावणं येईपर्यंत त्याचे सांधे आखडून गेलेले असायचे. मी हट्ट धरला की पेशंट शुद्धीवर आला की आम्हाला बोलवा, अतिदक्षता विभागातल्या खाटेवरच आम्ही सुरुवात करतो. भांडकुदळ म्हणून नाव झालं माझं. मग त्यांचेच पेशंट आपल्या पायांनी घरी जायला लागले, तेव्हा तीच मंडळी मला बैठकीत शेजारी बसवायला लागली. भांडायला कुणाकडून शिकले ते लिहायला नकोच.

आमच्या व्यायामाच्या हॉलचा एक नियम आहे, आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे आधीच्या प्रमुखांनी घातलेला. कुणी पहिल्यांदा उभं राहिलं तर टाळ्या वाजवायच्या नाहीत. टाळी वाजली की माणूस तिकडे मान वळवतो आणि तोल जातो. म्हणून सगळे हातातलं काम थांबवून नुसते बघतात. उभं करणारी मागे अर्ध्या पावलावर असते, हात कमरेपासून बोटभर लांब. धरायचं नाही. आपण धरलं की शरीर सगळा भार आपल्यावर टाकून मोकळं होतं.

एक वायरमन होता, खांबावरून पडलेला. कितीतरी महिने पाय म्हणजे दोन ओंडके. एके सकाळी आधाराच्या दोन दांड्यांच्या मधे तो उभा राहिला, मी मागे होते. हॉल चिडीचूप. त्याने खाली फरशीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बाई, केवढं उंच आहे हे."

जन्मभर खांबावर चढलेला माणूस गं. माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनी अजूनही येतो, कुणीही उभं राहिलं तरी. एवढीशी दोन पावलं आणि त्यांवर अख्खा माणूस तोलून धरलेला. हे होतं कसं, हे मी शिकलेय, दुसऱ्यांना शिकवतेही, आणि तरी प्रत्येक वेळी तोंडात बोट जातं.

परवा अधीक्षक साहेब हॉलमध्ये आले. मोठ्या बाई निवृत्त होताहेत, यापुढे ही प्रमुख, असं म्हणून टाळ्यांसाठी थांबले. एकही टाळी नाही. बिचाऱ्यांचा चेहरा उतरला, त्यांना वाटलं मी कुणालाच नको आहे. पण मी पाहिलं, वॉकरवाल्या आजींपासून सगळे जिथल्या तिथे थांबले होते आणि माझ्याकडे बघत होते. मोठ्या बाई माझ्या मागे अर्ध्या पावलावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. वहिनी, मी खाली फरशीकडे पाहिलं. उभं राहणं उंच असतं हे मला तेव्हा कळलं.

आता जे टाळतेय ते लिहिते.

मी तुला भेटायला आले होते, तेव्हा तुला खाटेवरून उठवताना तू कललीस आणि मी तुला दोन्ही हातांनी कवटाळलं. सगळ्यांना धरू नका म्हणून ओरडणारी मी. पण त्या क्षणी तुझी उजवी मांडी घट्ट झाली. तुला कळलंही नसेल. गेला म्हणून तू सोडून दिलेला तो पाय तुला पडू द्यायला तयार नव्हता. मी कुणाला बोलले नाही. आशा दाखवायची आणि ती खोटी ठरली तर तुझ्याकडे बघण्याचं माझं धाडस झालं नसतं. पण आता तू खाटेवरून उठतच नाहीस, दादा तुला उचलून बसवतो आणि भरवतो, हे ऐकल्यावर गप्प बसवत नाही. असंच चाललं तर तो पाय आखडेल, आणि मग मीही काही करू शकणार नाही.

तू पूर्वीसारखी चालशील असं मी म्हणत नाही. उभी राहशील, असं म्हणते.

मी मात्र तुझ्या मागे उभी राहणार नाही. तुझ्या बाबतीत माझे हात माझं ऐकत नाहीत. आमच्याकडे एक पोरगी आहे, रडण्याला अजिबात भीक न घालणारी. तुझ्या कमकुवत बाजूला ती असेल. मी नातेवाइकांच्या जागेवर, दाराशी.

मंगळवारी सकाळी हॉस्पिटलची गाडी येईल. यायचं नसेल तर ड्रायव्हरला तू स्वतः तसं सांग, दादाकडून निरोप चालणार नाही. बोबडं बोललीस तरी त्याला समजतं, रोज तेच ऐकतो तो. आणि आलीस तर उभी राहिल्यावर माझ्याकडे बघू नकोस, समोर बघ.

दाराशी, हात मागे बांधून,
तुझी मालिशवाली