डावी की उजवी

अगं,

'भाऊजी, स्पर्धेसाठी बाण तुमच्याच हातचे हवेत,' असं तुझ्या धाकट्या भावाने लिहिलं आणि मी उत्तरच दिलं नाही, म्हणून तू धुसफुसतेस. काल म्हणालीस, 'पिसं चिकटवायचा साचाही आणलात, आता कोणतं निमित्त?' साच्यात पिसं इतकी नीट बसवूनही माझा एकही बाण सरळ जात नव्हता गं. त्याला नाही कसं म्हणायचं, तेच सुचेना.

आज उलगडा झाला. पिसं घेताना दुकानदाराने 'डावी की उजवी?' असं विचारलं होतं. मला कळलं नाही, पण विचारायची लाज वाटली, म्हणून 'दोन्ही द्या' म्हणालो. तो पक्ष्याच्या पंखांबद्दल विचारत होता! दोन्ही पंखांची पिसं उलट्या बाजूंना वळलेली असतात, म्हणून एका बाणाला एकाच बाजूच्या पंखाची लागतात; मी ती मिसळून लावत होतो. तीनही डावी लावली, तर बाण नाकासमोर जाऊन गवताच्या पेंढीत रुतला. मी एकटाच हसत सुटलो.

साच्यातल्या बाणाला हात लावू नकोस, गोंद ओला आहे. आणखी डावी पिसं आणायला जातोय. भावाला 'नक्की करतो' असं लिहिलं. पुन्हा विचार करत बसलो असतो, म्हणून पाकीट आधीच टपालपेटीत टाकून आलो.