ल्यूत आहे का?

१८ सप्टेंबर, गुरुवार

मिरच्या आल्या. माझ्या नवऱ्याने, तोझाने ट्रॅक्टरवरून पोती अंगणात रिकामी केली आणि निघून गेला. ढीग बघूनच माझी पाठ दुखायला लागली. दरवर्षी म्हणते, यंदा हिवाळ्यासाठी भाजल्या मिरच्यांचा आय्वार थोडाच घालू. दरवर्षी तेवढाच ढीग.

झागोर्का कुंपणाच्या फटीतून आली. थोरली जाऊ माझी. दीर गेल्यापासून एकटी असते, पण तोंड दोघांचं चालवते. एक मिरची मोडून चाटली आणि थू थू करत नळाकडे पळाली. "स्तानिये, ही गोडी मिरची आहे? हा तर जाळ आहे!" मीही चाखली. खरंच जाळ. मागच्या वर्षी तोझाने गोड्या मिरचीला खेटून तिखटाची ओळ लावली. नको नको म्हणत होते. त्याच मिरच्यांचं बी धरलं. भोगा आता.

झागोर्का म्हणाली, "मिरची ल्यूत, नवराही ल्यूत. तुला काय, सवय आहे."

हसले. आमच्या भाषेत तिखटाला आणि रागाला हा एकच शब्द. माझ्यासारखीच कुणी तरी बाई असणार तो शोधणारी.

२१ सप्टेंबर, रविवार

देवमातेच्या जन्माचा सण. कामाला हात लावायचा नाही, म्हणून मिरच्या तशाच पडून. खालच्या सडायला लागतील ही काळजी डोक्यात घेऊन चर्चमध्ये उभी राहिले. प्रार्थना कसली, मिरच्याच.

दुपारी लेकीला, बिसाला फोन केला. परदेशात, ग्राझला म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करते. आवाजावरूनच कळतं, रात्रपाळी करून आलीय. मिरच्यांचं सांगितलं, यंदा भयंकर ल्यूत आहेत म्हटलं. ती हसली. मग म्हणाली, पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे. "येतेस?" — माझ्या तोंडून निघूनच गेलं. म्हणाली, "बघते."

बघते! चार वर्षांत पहिल्यांदाच ती 'नाही' म्हणाली नाही.

तोझा समोरच बसला होता. फोनमधून तिचा आवाज आला की उठतो आणि गोठ्यात जातो. आजही गेला. गोठ्यात आता गायही नाही. काय करतो तिथे कोण जाणे.

चार वर्षांपूर्वी ती नवऱ्याला सोडून आली, बॅग घेऊन, ओठ फुटलेला. मी तेव्हा लेस्कोवात्सला दवाखान्यात होते, पित्ताच्या खड्यांसाठी. तोझाने तिला फाटकातूनच परत पाठवलं. "तुझं घर तिकडे आहे." जावई त्याच्या मित्राचा मुलगा ना. त्यानेच बघून दिलेला. झागोर्काने तिच्या ओट्यावरून सगळं पाहिलं. पोर थोडा वेळ उभी राहिली म्हणे, मग रस्त्याला लागली. ती नवऱ्याकडे गेली नाही. थेट ग्राझची गाडी धरली. तेव्हापासून ती इकडे येत नाही, हा तिचं नाव घेत नाही. आणि मी मधल्या मधे.

एकदा यावं तिने. या घरात बसून जेवावं. मला दुसरं काही नको आता.

२३ सप्टेंबर, मंगळवार

दिवसभर भाजणं. अंगणातल्या चुलीच्या लोखंडी पत्र्यावर एकेक मिरची उलटत बसायचं. साल काळी पडली, फुगली, की उचलून झाकणाच्या पातेल्यात टाकायची, वाफेवर घाम येऊ द्यायचा, म्हणजे साल सुटते. धूर केसांत, धूर कपड्यांत. तोझा लाकडं पुरवतो. ओक आणतो, सुकलेलं. तेवढं बरोबर करतो.

दमले. उद्या सोलायच्या.

२४ सप्टेंबर, बुधवार

सोलून झाल्या. हातमोजे घालून नीट सोलता येत नाही, न घालता हात पेटतात. न घालताच सोलल्या. पलीकडच्या गल्लीतली नवी सून नळाखाली धुऊन सोलते, झटपट होतं म्हणे. होणारच. धुराची चवही नळाबरोबर वाहून जाते, मग उरतो नुसता लाल चोथा. मी बोटं तेवढी पाण्यात बुडवते.

फडक्यात बांधून टांगल्या आहेत. रात्रभर पाणी गळेल. बिसाचा फोन नाही. न यायचं असतं तर तसं सांगितलं असतं तिने. न सांगता अचानक येऊन उभी राहायची, लहानपणी करायची तसं? खोली झाडून ठेवली. चादर बदलली. तोझा दारातून बघून गेला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पहाटेच चूल पेटवली. मिरच्या यंत्रातून काढल्या, मोठ्या परातीत तेल तापवून ओतल्या आणि ढवळायला सुरुवात. थांबलं की लागतो. मी दमले की झागोर्का, ती दमली की मी. आय्वार दाट होत गेला तसा फुटफुटून उडायला लागला. मनगटावर दोन फोड आले. नाकातोंडात तिखट. झागोर्का शिंकून शिंकून बेजार. "तुझ्या नवऱ्याने पेरलाय, त्यालाच ढवळू दे," म्हणाली. तोझा लाकडं ठेवून गेला, ऐकू न आल्यासारखं करून.

दुपारी फोन वाजला. माझे हात बरबटलेले, म्हणून झागोर्काने वाचून दाखवलं. बिसाचा निरोप होता — "आई, अजून ल्यूत आहे का?" मला बरं वाटलं. एवढ्या लांबून पोरीला आय्वारची आठवण! झागोर्काने आवाज भरून पाठवायला फोन माझ्या तोंडापुढे धरला, मी ढवळता ढवळताच बोलले. म्हटलं, "ल्यूत? काही विचारू नकोस. नुसतं जवळ गेलं तरी डोळ्यांत पाणी येतं. सकाळपासून धुमसतोय, निवायचं नाव नाही. मधेच उसळून अंगावर येतो. इतक्यात त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. हिवाळ्यापर्यंत उतरेल थोडा, तेव्हा बघू."

संध्याकाळी काठी फिरवली तर परातीचा तळ दिसला, आणि काठीमागची वाट मिटली नाही. झाला. मीठ, जरासं व्हिनेगर. गरम बरण्यांत गरम भरला. हात वर उचलवत नाही आता.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बिसाचं उत्तर: "बरं आई." एवढंच. कधी येतेस, विचारायला धीर झाला नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आली नाही. सुट्टी संपली असणार. खोलीची चादर काढून घडी करून ठेवली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

उपासाचा वार. पांढरे घेवडे रात्री भिजवले, कांदा भरपूर परतला, नव्या बरणीतला चमचाभर आय्वार घातला आणि मातीच्या भांड्यात भट्टीला लावलं. वास असा सुटला की झागोर्का वाडगा घेऊनच आली. एरवी मी चार चमचे घालते. यंदा एकच पुरला, एवढा कडक आहे. पण धूर छान उतरलाय.

तोझा दोनदा घेऊन जेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. झागोर्का म्हणाली, "रडतोयस की काय दिरा?" म्हणाला, "तिखट आहे." मग ब्रेडने वाडगा पुसला आणि तसाच बसून राहिला. बिसाला हेच आवडायचं, घेवड्यावरचा करपलेला थर. बोलायचा कंटाळा आलाय मला या घरात.

५ ऑक्टोबर, रविवार

लिहायलाही नको वाटतंय, पण लिहिते.

बिसासाठी बरण्या बांधल्या. विदोयेच्या हाती द्यायच्या होत्या. तो ग्राझच्या बसचा ड्रायव्हर. अख्ख्या गावाच्या बरण्या त्याच्या डिकीतून जातात. स्टँडवर गेले तर म्हणतो, "काकू, पोरीच्याच हाती द्यायच्या की. दहा दिवसांपूर्वीच तर आलेली ती."

म्हटलं, कोण आलेली?

"तुमची बिसा. माझ्याच गाडीला होती. गुरुवारी दुपारी नीशला चहाला थांबलो, तर ही फोन कानाला लावून उभी. दोनदा ऐकलं काय तरी. मग म्हणाली, विदोयेदादा, माझी बॅग काढ, परतीची गाडी कधी आहे? मला वाटलं, तुमचंच काही बिनसलं असेल."

मी तिथेच बाकावर बसले. नीश म्हणजे आलीच की घरी. बरण्या त्याला दिल्या की नाही तेही आठवत नव्हतं, घरी आल्यावर पिशवी हातातच दिसली.

झागोर्काला सांगितलं. गुरुवारी असं काय झालं? ती माझा फोन मागून घेऊन बसली. माझंच बोलणं मला ऐकवलं. धुमसतोय. अंगावर येतो. त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. ऐकता ऐकता तिने तोंडावर हात ठेवला. "अगं बये," म्हणाली, "ती आय्वारचं नव्हती विचारत. तोझाचं विचारत होती."

ल्यूत आहे का. अजून रागात आहेत का.

आणि मी सांगितलं, हिवाळ्यापर्यंत उतरेल.

६ ऑक्टोबर, सोमवार

बिसाला फोन केला. सगळं सांगितलं. ती आधी हसत सुटली, थांबेचना. मग रडायला लागली, तेही थांबेना. म्हणाली, "आई, मला वाटलं बाबा शेजारीच बसलेत म्हणून तू असं फिरवून बोलतेयस." आता परत सुट्टी ईस्टरला. तोपर्यंत नाही. "तू खरंच विचार ना त्यांना. मी आले तर चालेल का. मी नीशपर्यंत येऊन पुन्हा नाही परत जाणार, आई. मला झेपत नाही."

मलाही झेपत नाही. गेले सरळ गोठ्यात. तोझा रिकाम्या गव्हाणीवर बसला होता. म्हटलं, ऐक. आय्वार केला त्या दिवशी तुझी मुलगी नीशपर्यंत आली होती. तू रागावलायस म्हणून परत गेली. एकदाचं सांग, किती वर्षं रागावणार आहेस?

गव्हाणीच्या कडेवरची धूळ पुसत राहिला. मग म्हणतो, "कोण रागावलंय?"

"तू!"

"मी कशाला रागावू?" म्हणाला. "ओठ फुटला होता तिचा. मी बघितला होता. बघूनही परत पाठवली. आता कुठल्या तोंडाने समोर बसू तिच्या?"

चार वर्षं. चार वर्षं मी त्याचा राग सांभाळत आले, फोनवर हळू बोलत आले, तिला समजावत आले, की बाबा निवतील हळूहळू. आणि हा म्हणतो राग नव्हताच! लाज होती! हातात काही असतं तर फेकून मारलं असतं. म्हटलं, मग फोन घे आणि हेच सांग तिला. मान हलवली. "फोनवर नाही जमायचं."

मग कसं जमायचं? विचारून विचारून घसा बसला. मी आत येऊन पडले. आता माझ्याच्याने होणार नाही. बाप जाणे नि लेक जाणे.

१२ ऑक्टोबर, रविवार

बिसाला कळवलं, बाबा रागावलेले नाहीत. म्हणाली, "हे तू सांगतेयस. त्यांनी कुठे सांगितलं?" बरोबर आहे तिचं. ईस्टरला येशील ना विचारलं, तर म्हणाली, माहीत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

तोझा दाढी करून, कोट घालून लेस्कोवात्सला गेला. कशाला, सांगितलं नाही. झागोर्का म्हणते, "या वयात बाई ठेवली की काय!" ठेवू दे. तेवढंच घर शांत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा लेस्कोवात्स. आल्यावर विचारलं, "ग्राझला थंडी जास्त असते का?" मी भांडी घासत होते. म्हटलं, मला काय माहीत, मला कुणी नेलंय? तो टेबलाशी बसला. मग कोटाच्या आतल्या खिशातून काढून टेबलावर ठेवला — पासपोर्ट. त्याचा. माझा कधीचा काढून पडलाय कपाटात, बिसाकडे जाईन म्हणून काढलेला आणि कधी न वापरलेला.

"विदोयेकडे दोन जागा सांगितल्यात," म्हणाला. "तिला कळवू नकोस. ती 'नको' म्हणाली तर मी घरातूनच निघू शकणार नाही."

१५ नोव्हेंबर, शनिवार

गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय. सीमेवर सगळ्यांना खाली उतरवलं. अधिकारी कोवळा पोरगाच. तोझाचा कोरा पासपोर्ट उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "आजोबा, कशासाठी निघालात?" मुलीला भेटायला, असं मी सांगणार होते.

तोझा म्हणाला, "माफी मागायला."