लाल म्हणजे बंद

सोमवार, ४ तारीख
रुजू झाले बाई एकदाची! रद्दी दाबून तारेनं गठ्ठे बांधणारा कारखाना. संगणक विभागात नोकरी, आणि विभाग म्हणजे मी एकटीच, राणी म्हणा हवं तर. वरच्या मजल्यावर काचेची खोली, खाली समोरच दाबयंत्राचा खड्डा आणि खड्ड्याशी माझा सख्खा दादा, इथला जुना मेकॅनिक. वशिला त्याचाच, म्हणून सकाळपासून टोमणे मारतोय. खड्ड्यात उतरताना चष्मा घामानं घसरतो, तो माझ्या टेबलावर ठेवून गेला. चष्म्याशिवाय त्याला हातभरापलीकडचं धड दिसत नाही. मी काचेतून जीभ काढून दाखवली, तर हा आपला प्रेमानं हात हलवतोय!

मंगळवार
कागद अडकला की माणूस खड्ड्यात उतरून काढतो. खरं तर आधी मेन खटका पाडायला हवा. पण मग तेलाचा दाब पुन्हा चढेपर्यंत अर्धी पाळी वाया. म्हणून सगळे पडद्यावरचं बटण दाबतात, यंत्रावरचा दिवा लाल झाला की बिनधास्त उतरतात. ‘लाल म्हणजे बंद’ असं भिंतीवरही रंगवलंय. तो पडदा म्हणजे साधं वेबपान, आणि ते चालवतो माझा वेब सर्व्हर. त्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. साहेबांना याचा कोण अभिमान!

गुरुवार
सर्व्हरला भोक आहे. बाहेरून कुणीही खास रचलेली विनंती पाठवली की हा शहाणा ती हुकूम समजून मुकाट चालवतो. दुरुस्ती कधीचीच आलेली आहे, फक्त बसवायची, त्यासाठी यंत्र थोडं बंद ठेवायचं. साहेब म्हणाले, मोठी ऑर्डर जाऊ दे, आपल्या रद्दीत कुणाला रस? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादाला सांगितलं, तर म्हणे तू जन्माचीच घाबरट.

शनिवार
खड्ड्यावरचा कॅमेरा आपोआप वळला. मला वाटलं, साहेब बघतायत. दादाच्या हाताखालचा फिटर खड्ड्यात होता. दिवा लाल. आणि रद्दी दाबणारा पोलादी पाट पुढे सरकला.
ती किंकाळी जाड काचेतूनही आली. त्याचा हात खांद्यापासून गेला. दादानं धावत जाऊन मेन पाडला, नाहीतर अख्खा माणूस तारेत बांधला गेला असता. बाहेर आलेल्या गठ्ठ्यातून रक्त ठिबकत होतं. तारेतून बोटं दिसत होती. एकात अंगठी. मी तिथंच ओकले.

सोमवार
साहेब म्हणतात, फिटरनंच चुकीचं बटण दाबलं. साफ खोटं! नोंदी पाहिल्या मी. हुकूम बाहेरून आला. आधी कॅमेरा वळवला. मग दिवा लाल ठेवूनच यंत्र सुरू केलं. कुणीतरी बघत होतं. मजा म्हणून.
साहेबांना पुन्हा विनवलं. ऑर्डर जाऊ दे, म्हणाले. नरडं दाबावंसं वाटलं त्यांचं.
दादाकडून शब्द घेतला, मेन पाडल्याशिवाय उतरणार नाही. वहिनीची शपथ घातली.

मंगळवार
न विचारता बाहेरची वायर उपटली. बोंबलू देत साहेब.
पण त्या बाहेरच्यानं सर्व्हरच्या आत काहीतरी पेरून ठेवलंय. एक पुसलं की दुसरं उगवतं. आता त्याला बाहेरून यायचीही गरज नाही.

बुधवार
जेवणाची सुट्टी. खाली कुणी नाही. कागद अडकला. दादा माझ्या खोलीत होता, साहेबांनी त्याला त्याच्या मोबाइलवर झापलं, मेन पाडायचा नाही, गाडी दारात उभी आहे. दादा म्हणाला, दोन मिनिटांचं काम, कुरकुरू नकोस. गेला.

कॅमेरा वळला.

दार उघडत नाही. कुलूपही सर्व्हरवरच— सर्व्हरची वीज तोडली. दार तरी बंदच. उशीर झाला. नोंदीत दिसलं होतं, हुकूम आधीच यंत्रात पोचलाय, थोड्या वेळानं सुरू व्हायची वेळ लावून. खुर्ची हाणली, काच फुटत नाही. दादाच्या कानात आवाजासाठी घातलेले बोळे. माझा फोन बाहेर लॉकरमध्ये. मोठ्या अक्षरांत लिहिते, पान काचेला लावते—

दादा उतरू नको
लाल खोटं आहे
मेन पाड

वर बघितलं! बघितलं त्यानं!
हसला. हात हलवला.
अरे वाच ना रे दादा, वाच—

चष्मा.
चष्मा इथं, माझ्या टेबला—

उतरला.
दिवा लालच आहे अजून. लालच—
पाट ह