लाल खारव्यातली वही

प्रिय शालू,

अनेक आशीर्वाद. आज माझं अक्षर तुला जरा निराळं वाटेल. आयुष्यभर बोरूनं आणि काळ्या शाईनं लिहिलेला माणूस मी, आणि आज हे पत्र निळ्या शाईत. त्याचं कारण शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, अशी मला भीती आहे.

तुझं पत्र परवा मिळालं. तीनदा वाचलं. मागल्या मंगळवारी शाळेत दप्तर उघडलं तर तुझं निळं पेन नाही. आदल्या संध्याकाळी खुर्शीदा तुझ्याकडे गणितं सोडवायला आली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या बोटाला निळी शाई दिसली, आणि तू विचारलंस तेव्हा ती खाली पाहू लागली. एवढ्यावरून तू मोठ्या बाईंना तिचं नाव सांगितलंस. आता येत्या सोमवारी बाई तिच्या वडिलांना बोलावणार. आणि तो मशीनवर कपडे शिवणारा मानी माणूस मुलीला शाळेतूनच काढून नेणार, असं मुली म्हणतात. "आबा, मी बरोबर केलं ना?" असं तू विचारतेस. त्या ओळीवर पाण्याचा थेंब पडून अक्षर पसरलं आहे. तो थेंब पाण्याचा नव्हता, असा मला संशय आहे.

त्या सोमवारी मीही बुलढाण्याला तुमच्याकडेच होतो, डोळे दाखवायला आलो होतो. खुर्शीदानं मला सलाम केला, तुमच्या पुस्तकातली कविता न अडखळता म्हणून दाखवली. मला फार दिवसांनी कुणी कविता म्हणून दाखवली, शालू. ती ऐकताना मला एक दुसरा आवाज ऐकू येत होता. त्याची गोष्ट तुला सांगतो. ही मी तुझ्या आजीलाही कधी सांगितली नाही.

मी तेव्हा चौथीत होतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून दोन-तीन वर्षंच झाली होती. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा नवा आला होता, छप्पर मात्र तेच गळकं. आपलं गाव धाड या बाजारगावापासून दोन कोसांवर, त्यामुळे नवी वस्तू यायची ती धाडच्या बाजारातून, नाहीतर महादेवराव मास्तरांच्या डोक्यातून. मास्तर कविता रचायचे. पुस्तक वर्गात एकच. म्हणून ते कविता सांगत आणि आम्ही लिहून घेत असू. माझी कवितांची वही म्हणजे माझा जीव. घरातल्या पोथ्या ज्या लाल खारव्याच्या कापडात बांधत, त्याचाच एक तुकडा मागून मी तिला वेष्टण शिवलं होतं आणि वर दोरा गुंडाळायचो. माजघरातल्या कोनाड्यात ती ठेवायची आणि रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्यानं म्हणायचं:

पहाट आली डोंगरमाथी घेउनि सोन्याची झारी,
शिंपित आली माळावरती, जागी झाली सृष्टी सारी.

अशा चाळीस ओळी होत्या. त्या वर्षी शाळा तपासायला दिपोटी साहेब येणार होते. ही कविता जो उत्तम म्हणेल त्याला बुलढाण्याच्या इंग्रजी शाळेत बोर्डिंगची जागा मिळणार, असं मास्तरांनी सांगितलं होतं. जागा एकच. आणि ती माझीच, हे मी धरूनच चाललो होतो.

त्याच दिवसांत थंडीच्या गाद्या-रजया करायला गनीचाचा आमच्या अंगणात बसले होते. अब्दुल गनी पिंजारी. त्यांचा मुलगा फारुख माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर. शाळा सुटली की तो बापाच्या हाताखाली बसायचा. पिंजणाच्या ताणलेल्या तातेवर, त्या कातड्याच्या तारेवर, ठोका पडला की टंऽव टंऽव असा नाद निघे, आणि कापूस ढगासारखा उडे. माणसांच्या भुवयांवर, तुळशीवर, म्हशीच्या शिंगांवर, सगळीकडे कापूस. मला तो नाद फार आवडायचा. माझी कविता त्या ठोक्यावर आपोआप बसायची.

साहेब येण्याच्या चार दिवस आधी वही नाहीशी झाली. कोनाडा रिकामा. आणि कोनाड्यात काय, तर कापसाचा एवढासा पुंजका! शालू, तुला खुर्शीदाच्या बोटावर शाई दिसली ना, तसा मला तो पुंजका दिसला. त्या दिवसापासून मी गुप्त पोलीस झालो. फारुख पाणी प्यायला माजघराच्या दाराशी आला होता, हे आठवलं. तो माझ्याकडे पाहून हसला तर वाटायचं, का हसला? नाही हसला तर वाटायचं, का नाही हसला? त्याच्या भाकरीच्या फडक्याची गाठ नेहमीपेक्षा मोठी दिसू लागली. मी घरात सगळ्यांना विचारलं, "माही वही पाह्यली काय?" आमची झुंबरआत्या देवापुढे वाती वळत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. "मले काय ठावं बाप्पा तुह्या वह्या. मी वाचतो काय?"

साहेब आले. मी कविता म्हणायला उभा राहिलो आणि विसाव्या ओळीला अडलो. पुढची ओळ वहीत होती, डोक्यात नव्हती. मग मास्तरांनी, का कोण जाणे, फारुखला उभं केलं. तो पोरगा डोळे मिटून उभा राहिला, उजव्या हाताची बोटं मांडीवर हळूच ठोकत, आणि चाळीसच्या चाळीस ओळी म्हणून गेला. साहेबांनी चष्मा काढून ठेवला. "क्या बात है," म्हणाले.

साहेब जेवायला गेल्याबरोबर मी ओरडलो, "मास्तर, यानं माही वही चोरली!"

फारुख आधी हसलाच. त्याला गंमत वाटली. "मी काऊन चोरू बे? तूच त रोज ओट्यावर म्हनत होता. मी अंगणात आयकत होतो."

"आयकून चाळीस ओळी पाठ होते काय?" मागून कुणीतरी म्हणालं. "पिंजाऱ्याच्या कानात कापूस असते, कविता नाई!" वर्ग हसला. फारुखचं हसू तिथं थांबलं. त्यानं स्वतःच दप्तर उपडं केलं. पाटी, पेन्सिल, अर्धी भाकर. वही नव्हती. पण मी कोनाड्यातला पुंजका पुडीत बांधून नेला होता, तो मास्तरांपुढे ठेवला. साहेबांसमोर बोभाटा नको म्हणून मास्तरांनी बोर्डिंगच्या कागदावरचं फारुखचं नाव खोडलं. माझं घातलं.

दुसऱ्या दिवशी गनीचाचा राहिलेली एक रजई पुरी करायला आले. आमच्या घरचं पाणीही प्यायले नाहीत. जाताना पिंजण खांद्यावर टाकून माझ्या वडिलांना म्हणाले, "दादा, पोराले आता शाळेत नाई धाडत. चोर नसला तरी नाव त झालं ना." फारुख मागं उभा होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता. तो ओट्याकडे पाहत होता, जिथं बसून मी कविता म्हणायचो.

मी बुलढाण्याला गेलो. इंग्रजी शिकलो, मास्तर झालो, शेकडो मुलांना कविता शिकवल्या. लोक म्हणतात उत्तमराव मास्तरांसारखा सरळ माणूस नाही. तूही तेच म्हणतेस. पण अजून एक गोष्ट राहिली आहे.

पुढच्या चैत्रात मी सुटीत घरी आलो. पोथ्यांना वर्षातून एकदा ऊन दाखवायची आपल्या घरची रीत. एरवी त्यांची बासनं कुणी सोडत नाही. वरूनच हळदकुंकू वाहायचं. वाचता येणारा मी एकटाच, म्हणून आत्यानं ते काम मला दिलं. तिसरं बासन सोडलं आणि आत माझी वही. लाल खारव्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. आत्या कौतुकानं म्हणाली, "हे पोथी त कोनाड्यात पडली होती रे. म्या उचलून देवाजवळ ठेवली. वाच न, कोनत्या देवाची हाय?" लाल कापड, वर दोरा, आत ओळीखाली ओळ. तिच्या लेखी ती पोथीच होती. सगळे वही शोधत होते. वही तिनं पाहिलीच नव्हती. आणि कोनाड्यातला कापूस? तो तिच्या हाताचा, वाती वळता वळता उठलेल्या हाताचा.

मी म्हणालो, "जुनी पोथी हाय आत्या." आणि बासन पुन्हा बांधून ठेवलं.

खरं सांगितलं असतं तर बोर्डिंगची जागा गेली असती. अकरा वर्षांचा होतो, असं म्हणून मी स्वतःला पुष्कळदा सोडलं. पण मग विसाव्या वर्षी का नाही सांगितलं? चाळिसाव्या? फारुख धाडच्या बाजारात गाद्या भरतो. भेटलो की दर वेळी तेच विचारतो, "उत्तमा, वही सापडली काय बे?" आणि मी दर वेळी म्हणतो, "नाई रे." तो हसतो आणि ठोका टाकतो. त्याला ठाऊक आहे, असा मला सेहेचाळीस वर्षं संशय आहे.

आता निळ्या शाईचं सांगतो. तुझं पत्र वाचून मी म्हटलं, आपण बुलढाण्याला जाऊन काय ते पाहावं, म्हणून खुंटीवरचा काळा कोट काढला. तो मी शहरात जायचं तेव्हाच घालतो. आतल्या खिशात काहीतरी टोचलं. त्या सोमवारी खुर्शीदाची कविता ऐकून मला भरून आलं होतं, आणि मी तुझं पेन घेऊन तुझ्या वहीच्या मागच्या पानावर मास्तरांच्या दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. पाहा, अजून असतील. पेन टोपणापाशी गळत होतं, ते खुर्शीदानंच पुसून, टोपण घट्ट लावून माझ्या हातात दिलं होतं, आणि मी ते विसरून खिशात टाकलं. तिच्या बोटाला शाई लागली ती तिथंच. तिनं तुला सांगितलं नाही, कारण तिनं ते पेन माझ्या खिशात जाताना पाहिलं असणार. तुझ्या आबाचं नाव तिला घ्यायचं नव्हतं. शालू, काल पूर्ण एक दिवस मी ते पेन पुन्हा खिशात ठेवून बसलो होतो. पुढच्या खेपेला येऊन गुपचूप तुझ्या पलंगाखाली टाकावं, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू? मग पोथ्यांचं बासन दिसलं. हे पत्र मी तुझ्याच पेनानं लिहिलं आहे. शेजारचे किसनराव आत्ता मोटारीनं बुलढाण्याला निघताहेत, त्यांच्या हाती दोन्ही पाठवतो. आज संध्याकाळीच खुर्शीदाच्या घरी जा आणि हे पत्र तिला आणि तिच्या वडिलांना मोठ्यानं वाचून दाखव, माझं नाव न गाळता. सोमवारी शाळा भरायच्या आधी मी फाटकाशी उभा असेन. बाईंना आणि वर्गाला काय सांगायचं ते मीच सांगेन. परतताना धाडला उतरणार आहे. कोटाच्या ज्या खिशात तुझं पेन होतं, तिथं आता ती वही ठेवली आहे. या वेळी फारुखनं विचारायच्या आधी मला बोलायचं आहे.

तुझाच,
आबा