मेंढीच्या गळ्यातली दुसरी जोडी

मी, त्स्वेताना ग्रोझेवा, निवृत्त पशुवैद्य, राहणार स्तारा झागोरा, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. फुप्फुसं गेली आहेत. डोकं ठिकाणावर आहे, आणि रागही.

१. घर व मागचं द्राक्षांचं अंगण माझी विद्यार्थिनी झोर्नित्सा बाल्जिएवा हिला मिळावं, पण कलम चार पाळलं तरच.

२. शस्त्रक्रियेची अवजारंही तिचीच. माझे मेहुणे प्रोफेसर ल्युबेन क्युतुकोव यांनी एकाही चिमट्याला हात लावू नये.

३. फॉर्मॅलिनची बरणी झोर्नित्साने जिवापाड जपावी. प्रोस्टाग्लँडिन हे औषध टोचलं की आमच्या संस्थेतल्या मेंढ्यांच्या रक्तातलं कॅल्शियम वाढायचं. मी म्हणत होते, ते गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींना डिवचतं आणि त्यांचं संप्रेरक हाडांतून कॅल्शियम ओढतं. प्रोफेसर म्हणाले, ग्रंथींचा संबंधच नाही, ते थेट हाडाला भिडतं. सिद्ध करायला त्यांनी ग्रंथी काढल्या आणि मग टोचलं. कॅल्शियम तरीही वाढलं. टाळ्या पडल्या.

हा माणूस जन्मभर कुत्री कापत आलेला. कुत्र्याच्या चारही ग्रंथी थायरॉइडला चिकटलेल्या असतात. मेंढीची एक जोडी मात्र पार वर, जबड्याखाली दडलेली असते. प्रयोगातल्या मेलेल्या मेंढ्यांचे गळे मी उघडले, तर ती जोडी जागच्या जागी! ती बरणीत घालून मी त्यांच्या घरी नेली.

“भावोजी, या काय आहेत?”

“लसिकाग्रंथी. चष्मा बदला, ताई.”

“सूक्ष्मदर्शकातून बघा तरी.”

त्यांनी न बघताच दिवा बंद केला. “घरातली भांडणं संस्थेत आणू नका,” म्हणाले, आणि प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. माझं खरं होतं की त्यांचं, हे आजही कोणाला ठाऊक नाही, कारण तो प्रयोग खऱ्या अर्थाने झालाच नाही. तरी मुलं त्यांचाच निष्कर्ष घोकून पास होतात. झोर्नित्साने तो प्रयोग नीट करावा. मी चुकले असेन तर तसं छापावं.

४. माझी शोकपत्रकं रिवाजाप्रमाणे दारांवर नि खांबांवर लावावीत. चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा. माझ्या फोटोऐवजी बरणीतल्या जोडीचा फोटो असावा. खाली मजकूर: “आम्ही मेंढीच्या गळ्यातच होतो. प्रोफेसर क्युतुकोव यांनी आम्हाला काढल्याचं जाहीर केलं.” पहिलं पत्रक त्यांच्या फाटकावर. ते ओरबाडतील, म्हणून खळ घट्ट असावी.

५. धाकटी बहीण नेद्याल्का हिला काहीही देत नाही. खरं तर घर तिलाच द्यायचं होतं. काल तिने मसुदा दोनदा वाचला.

“ताई, साक्षीदाराला वाटा मिळत नाही ना?”

“नाही.”

“मग घर राहू दे. मला साक्षीदार कर.”

“नवरा घराबाहेर काढेल तुला.”

“काढू दे. ती बरणी तू माझ्याच स्वयंपाकघरात दाखवली होतीस त्याला. मी तिथेच उभी होते. आणि फाटकावरचं पत्रक मी लावणार. फाटक माझंही आहे.”

वाचून, समजून सही केली.
त्स्वेताना ग्रोझेवा
स्तारा झागोरा, १७ नोव्हेंबर २००३

साक्षीदार:
१. राद्का मिन्चेवा, शेजारीण
२. नेद्याल्का क्युतुकोवा, प्रोफेसर ल्युबेन क्युतुकोव यांची पत्नी