वाकडी करंगळी

संगमनेर
रविवार, १४ डिसेंबर

अण्णा,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी बोलायचं मी बंदच केलं, त्याची आधी माफी मागते. वहीत रोजचं सगळं लिहिते, दूध संघाच्या ऑफिसातलं, घरातलं. पण तुमच्याविषयी लिहायची वेळ आली की पान उलटते. आज उलटता येईना. आज मी तुमच्या नातीचा लाठीचा क्लास बंद करायला गेले होते. दहावी तोंडावर आली आहे, असं मी घरात सांगितलं होतं, आणि ते खोटं नाही. पण तेवढंच कारण असतं तर एक फोन पुरला असता.

क्लास कोण घेतं ते तुम्हाला सांगायला हवं. तीच. सुप्याला एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी, आईबाप ऊसतोडीला गेले की आपल्या शेजारी मावशीकडे राहणारी. आता तिचे केस माझ्याइतकेच पिकलेत. इथे एका मंगल कार्यालयामागच्या मोकळ्या जागेत ती मुलींना लाठी शिकवते, कुणी मनगट धरलं तर सोडवायचं कसं, मागून गळ्याला विळखा पडला तर काय करायचं, ते शिकवते. मुलगी मैत्रिणीच्या नादाने तिथे जाऊ लागली तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मग एका संध्याकाळी मी पोळ्या करत असताना ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला मारायला ये बरं. आणि माझ्या हाताकडं काय बघती, खांद्याकडं बघ. हात खोटं बोलतो." तव्यावरची पोळी करपली. ते वाक्य तुमचं होतं, त्यातल्या 'बघती'सकट. तुम्हाला तिने फक्त फोटोत पाहिलंय. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "आमच्या मॅडमनी. त्यांना कुणी मेजर होते, त्यांनी शिकवलेलं."

कुणी मेजर. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालात तरी गाव तुम्हाला मेजरच म्हणायचं, आणि आपल्याकडे गावोगाव असे मेजर आहेत, तेव्हा पोरीला संशय यायचं कारण नव्हतं. ते माझे वडील, एवढं म्हणायला हवं होतं. मी नवी पोळी लाटायला घेतली.

तुम्ही पतसंस्थेत बंदूक घेऊन दारावर उभे राहायचात ती वर्षं मला आठवतात. शिफ्टवरून परतणाऱ्या एका मुलीला कुणीतरी रस्त्यात अडवलं, आणि तुम्ही शाळेच्या मैदानावर पोरींना शिकवायला सुरुवात केलीत. प्रत्येकीला कानाशी मोजून काठी तोडून दिलीत. पहिली माझी. ती घासलीत, आईच्या डब्यातलं करडईचं तेल लावून भिंतीला उभी केलीत, आणि आई म्हणाली, "काठ्यांना तेल पाजा, पोरांना कोरडी भाकर." मी किती थोडे दिवस ती काठी फिरवली! तुम्ही वार करायचात, काठी माझ्या डोक्याच्या हातभर अलीकडे थांबायची, आणि मला वाटायचं, मला छान अडवता येतंय. एके संध्याकाळी तुम्ही माझ्या हातातून ती काढून घेतलीत आणि म्हणालात, "तू घरी जा. अभ्यास कर." दुसऱ्या दिवशी ती काठी शेजारच्या त्या पोरीच्या हातात होती. आमची उंची सारखीच होती.

त्या रात्री जेवताना तुम्ही आईला सांगितलंत, मी भिंतीपलीकडून ऐकलं: "तिच्यावर माजी काठी पडतच न्हाई. थांबती. अशानं तिला वाटंल समोरचा थांबतोच. भायेर कोन थांबनार हाय?" आई म्हणाली, "आन त्या पोरीवर बरी पडती?" आईने हे खरंच विचारलं, की मी ते मागाहून तिच्या तोंडी घातलं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. मला त्याचं उत्तर हवं होतं, एवढं मात्र नक्की.

मग त्या पोरीची करंगळी मोडली. अडवताना तिची पकड सरकली, तुमची काठी थांबली नाही. तिला हाडवैद्याकडे नेऊन तुम्ही आपल्या घरी आणलंत. आईने शिरा केला आणि टोमणाही मारला, "आधी बोट मोडा, मग शिरा चारा." तिचा उजवा हात बांधलेला, म्हणून तुम्ही बशीत चहा ओतून, फुंकर घालून तिच्यापुढे धरलात. मी स्वयंपाकघराच्या दारात पुस्तक उघडून उभी. माझ्या आजारपणात तुम्ही डॉक्टर आणलात, औषधं आणलीत, रात्री उशाशी बसलात. पण माझ्यासाठी कधी बशीत फुंकर घातलीत का, ते मला आठवत नाही. तुम्ही तिला म्हणालात, "उद्या यायचं. डाव्या हातानं." आणि ती आली. ती काठी माझ्या हातात असती तर ती करंगळी माझी झाली असती, हा विचार वेडा आहे हे मला तेव्हाही कळत होतं.

माझ्या वाट्याला बंदूक आली, हे लिहिलं नाही तर तुमच्यावर अन्याय होईल. रविवारी स्वयंपाकघरात पोतं अंथरून तुम्ही ती उघडायचात, गजाला चिंधी गुंडाळून माझ्या हातात द्यायचात. नळी पुसून झाली की खिडकीकडे धरून तिच्यातून बघायला लावायचात. आत उजेडाची गोल गोल कडी दिसायची. "ह्याच्यात काय न्हाई," तुम्ही म्हणायचात, "बंदूक लांबून चालती. काठीला जवळ जावं लागतं." तेव्हा मला वाटायचं, मोठी वस्तू मला दिलीत. पुढे वाटू लागलं, लांबची दिलीत.

आज क्लासवर ती मला बघून थबकली. "मेजरांची ना गं तू? तुमी, म्हंजे." मग तिची नजर मुलीकडे गेली. "आन ही तुमची? वरीस झालं माज्याकडं हाय, बोलली न्हाई कदी." मी म्हटलं, "तिला माहीत नाही." मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मी क्लासचं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझा हात धरून मला मुलीसमोर उभं केलं. आज आयांनी मुलींची मनगटं धरायची होती, म्हणजे घरी सराव घेता येईल. मी धरलं. "आई, नीट धर ना. मॅडम, ही खोटं धरतीये." मी पुन्हा धरलं. मुलीने हात फिरवला आणि माझा अंगठा आपोआप सैल झाला. पोरी हसल्या. ती हसली नाही. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "मेजरांचंबी तुमच्यापुढं आसंच हुतं."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं मला जे समजून घ्यायचं नव्हतं ते आज माझ्याच अंगठ्याने मला समजावलं, आणि तरी मत्सर जागचा हलला नाही. तिने आपली वाकडी करंगळी पुढे केली, पोरींना दाखवते तशीच, अभिमानाने. "ही त्यांचीच. थंडीत दुखती अजून." मग माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "तुमच्यावर काठी पडलीच नसती." तो टोमणा होता की हेवा, मला ठरवता आलं नाही. हेवा असावा, असं मला फार वाटलं. घरी येताना मुलगी गाडीवर मागे बसून तुमच्याविषयी विचारत होती, आणि मी सांगत होते. क्लास बंद करायचं राहूनच गेलं.

हे वहीतच राहील. एक मात्र सांगते. तिची करंगळी मी हातात घेतली, आणि सोडण्याआधी दाबली. गरजेपेक्षा जोरात. तिथे माझा अंगठा सैल पडला नाही.

उद्या: मुलीच्या काठीसाठी करडईचं तेल आणायचं.