दोर नेणारी होडी

४ मार्च

...आणि कासरा ताणला. रिमोटच्या होडीचं नाक वर, शेपूट पाण्यात. मोटर नुसती किंचाळते. मागे हवा भरलेली ट्यूब आणि दोर नसला तर हीच होडी सुसाट. घेताना मी वेग पाहिला. ओढ पाहायला हवी होती.

शेजारचे सलीमचाचा बांधावरून: "सूनबाई, खेळणं लई झ्याक. पर पोरं तर शिकून गेली तुमची!"

चिडवतात. बुडणाऱ्यापर्यंत ट्यूब आणि दोर न्यायला ही होडी, हे त्यांना ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्यात माझा नवरा, दत्ता, याच शेततळ्यात घसरला. प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही. चाचांनी ठिबकची नळी टाकली, ती जेमतेम पोचली. ते त्या दिवशी रानात नसते तर...

तेव्हापासून पंपाचा फूटव्हॉल्व्ह, नळीचं पाण्यात बुडालेलं जाळीचं तोंड, चाचाच साफ करतात. दत्ता लिंबाखाली बसतो. पाण्याकडे पाठ.

७ मार्च

कॉलेजच्या नोकरीवरून आल्यावर त्याच मोटरला मोठा पंखा लावला. मोठा पंखा, जास्त ओढ, असा माझा तर्क. होडी थोडी गेली. धूर.

चाचा: "आत तेरखेड्याचे फटाके भरलेत का व्हय?"

लिंबाखालून हसू आलं. दत्ताचं. तळ्याजवळ, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. जळालेल्या मोटरचे आभार.

८ मार्च

जेवताना दत्ता आपणहून: "टॉप गिअरमध्ये नांगरट करतं का कुणी?"

"म्हणजे?"

"पळणारी मोटर आणलीस तू. हळू फिरणारी आण, जोराची. तिला मोठा पंखा झेपंल."

तळ्याचा विषय त्याने काढला. भाजी खारट झाली होती. दोघांनीही ताट पुसून खाल्लं.

१६ मार्च

पार्सल आलं. जाडजूड मोटर, कमी फेऱ्यांची. तीन पात्यांचा पितळी पंखा. दत्ताने अंगणात बसून बसवला. मी स्क्रू धरून होते.

होडी सावकाश निघाली. ट्यूब मागून, मुकाट. मध्यावर पोचली! मागे घेताना पंख्यात कासरा अडकला. सुती दोर, भिजून बुडालेला. बैल जाऊन किती वर्षं झाली, तरी आमच्या घरात दोर म्हणजे कासराच. दुसरा सुचलाच नाही.

दोर ओढून सगळं परत आणलं. मोटर गार होती. हात लावून पाहिला, पुन्हा पाहिला.

१९ मार्च

पिवळा प्लास्टिकचा दोर. तरंगतो. होडीने ट्यूब मध्यावर नेली, वळवली, पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत नेली. 

चाचा: "आता माझी नळी भंगारात घाला."

"घालू देणार नाही," मी म्हटलं. ती नळी मी घरात जपून ठेवली आहे, हे त्यांना माहीत नाही.

दत्ता बांधावर चढून आला होता. कधी आला, कळलं नाही. "माणूस लटकला की खरं काय ते कळंल." बरोबर आहे. माणसाला ओढायचं काम काठावरच्याचं. होडीने फक्त पोचवायचं. तरी पाण्यात माणूस धडपडत असताना...

फूटव्हॉल्व्हला शेवाळ धरलंय, ठिबक मंद झालंय. निघताना दत्ता म्हणाला, "चाचा, उद्या तुम्ही येऊ नका."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोर गुंडाळत राहिले.

२० मार्च

सकाळी दत्ता फूटव्हॉल्व्ह साफ करायला शेततळ्यावर गेला, सोबत मी. निघताना होडी काखेत घेतली, चार्जिंगवरून रिमोट काढला आणि माझ्या हातात दिला.